पुस्तक मिटा आणि आठवायला लागा: लोकलच्या वेळेत अभ्यास लक्षात कसा ठेवायचा

पाकीट न उघडता सांगा, वीस रुपयांच्या नव्या हिरवट-पिवळ्या नोटेच्या मागे कसलं चित्र आहे? आणि दहाच्या चॉकलेटी नोटेच्या मागे? मी परळला एका रात्रशाळेत दहावीला शिकवते आणि दरवर्षी पहिल्याच दिवशी वर्गात हा प्रश्न विचारते. वडापावच्या गाडीवर, शेअर रिक्षात, भाजीवालीकडे ह्याच नोटा दिवसाला चार वेळा हातातून जातात, तरी वर्ग एकदम गप्प होतो, कोणी म्हणतं गांधीजी (ते पुढे आहेत), कोणी म्हणतं लाल किल्ला (तो पाचशेवर). वीसवर वेरूळची लेणी आहेत आणि दहावर कोणार्कचं सूर्यमंदिर. १९७९ साली निकरसन आणि अ‍ॅडम्स ह्या दोन संशोधकांनी अमेरिकेत लोकांना त्यांच्याच एका सेंटच्या नाण्याचं चित्र काढायला सांगितलं होतं, आणि जे नाणं जन्मभर हाताळलं त्यावर काय कुठे आहे ते बहुतेकांना नीट काढता आलं नाही. म्हणजे एखादी गोष्ट हजार वेळा डोळ्यांपुढून गेली म्हणून ती डोक्यात बसतेच असं नाही. आता हेच अभ्यासाला लावून बघा, धडा पाच वेळा वाचला म्हणजे तरी काय केलं, पाच वेळा डोळ्यांपुढून नेला.

माझ्या वर्गातले लोक दिवसभर काम करून येतात. कोणी वॉचमन, कोणी कुरिअरवाला, कोणी चार घरी पोळ्या करणारी, आणि जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात मला हळूच येऊन सांगतो की बाई, माझं डोकं चालत नाही, मेमरी वीक आहे. मला हे वाक्य ऐकवत नाही, खरंच. एक वॉचमनदादा आहेत, त्यांच्या टॉवरमधल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये कोण राहतं, कोणाची कुठली गाडी, कोणाकडे दूध किती, कोणाचा मुलगा कुठल्या ट्यूशनला जातो हे सगळं त्यांना तोंडपाठ, आणि हा माणूस म्हणतो माझी मेमरी वीक! मी विचारलं हे सगळं पाठ कसं केलंत, तर म्हणाले पाठ कुठे केलं, दिवसभर लोक विचारतात ना, शंभर वेळा सांगावं लागतं.

तर सगळं ह्यातच आहे. त्यांना रोज *सांगावं* लागतं. डोक्यातून बाहेर काढावं लागतं. आणि जे बाहेर काढावं लागतं तेच टिकतं. खाली जे काही लिहिलंय ते सगळं ह्या एका गोष्टीभोवती आहे, फक्त ते कसं करायचं हे मी जरा खोलात सांगते, कारण नुसतं "आठवून बघा" म्हटलं की लोक दोन दिवस करतात आणि परत हायलायटर घेऊन बसतात.

आधी एक पुरावा देते म्हणजे विश्वास बसेल. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक ह्यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एका वेळी उतारा वाचून झाल्यावर तोच परत वाचायचा, दुसऱ्या वेळी परत न वाचता कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने घेतली तर उलटं, परत वाचणारे ४२ टक्क्यांवर आणि आठवून लिहिणारे ५६ वर. हे पहिले पाच मिनिटांचे आकडे नीट बघा, कारण आपण सगळे तिथेच फसतो. परत वाचलं की लगेच वाटतं येतंय, सगळं ओळखीचं वाटतं, पानावर कुठल्या कोपऱ्यात काय आहे तेही दिसतं, आणि आपण खुशीत पुस्तक ठेवून देतो. ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं, नोट ओळखता येतेच की आपल्याला, चित्र सांगता येत नाही.

आता पद्धत. घरातले पाठकोरे कागद गोळा करून ठेवा, जुनी बिलं, मुलांच्या जुन्या वह्यांची उरलेली पानं, काहीही चालेल. धड्याचा एक तुकडा घ्या, दहा मिनिटांत वाचून होईल एवढाच, त्याहून मोठा नको. एकदा नीट, समजून वाचा. मग पुस्तक *मिटा* (पालथं घालू नका, मिटा, पालथं घातलं की हात जातो) आणि पाठकोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहा. क्रम चुकला चालेल, शुद्धलेखन गेलं चालेल, अर्धी वाक्यं चालतील. अडलात की लगेच उघडू नका, एक मिनिटभर तरी खेचा, ते जे डोक्याला ताण येतो ना, जिभेवर आहे पण येत नाही, तो ताण म्हणजेच अभ्यास चाललाय. मग पुस्तक उघडा आणि जे राहिलं किंवा चुकलं तेवढंच लाल पेनाने कागदावर भरा. ही लाल पेनाची पायरी सोडू नका कारण चुकीचं आठवून तसंच ठेवलं तर तेच पक्कं होतं. दुसऱ्या दिवशी आधी फक्त लालवालं आठवून बघायचं. बास.

पहिल्या वेळेस कागदावर चारच ओळी येतील आणि फार वाईट वाटेल, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या वर्गात एकदा एका मुलाने पेन आपटलं, म्हणाला वाचताना सगळं येत होतं. येत नव्हतं रे, दिसत होतं, असं मी त्याला म्हणाले, आणि त्याला आदल्या दिवशीचा धडा विचारला जो त्याने असाच लिहिला होता, त्यातलं बरंच त्याने सांगितलं, तेव्हा तो बसला परत.

लिहायला वेळ नसेल तर बोला. घरी कोणाला तरी सांगा, पोळ्या लाटताना स्वतःशी बोला. पूर्वी संध्याकाळी दिवेलागणीला परवचा म्हणायचे ना घरोघर, पाढे, पावकी, निमकी, दिडकी, औटकी, तो काय प्रकार होता? रोज ठरलेल्या वेळी पुस्तकाशिवाय डोक्यातून काढायचं, आणि चुकलं की आजी लगेच दुरुस्त करायची. लोक त्याला सरसकट घोकंपट्टी म्हणून नावं ठेवतात, मला ते पटत नाही. अर्थ न कळता नुसतं घोकणं वाईट, त्यावर माझं दुमत नाही, पण अर्थ कळल्यावर रोज आठवून म्हणणं ही फार चांगली सवय आपण टाकून दिली.

आता लोकल. आमच्यातले बरेच जण रोज दोन-अडीच तास गाडीत असतात आणि तक्रार एकच, की उभं राहायला जागा नाही तर पुस्तक कुठे उघडू. अहो पण पुस्तक उघडता येत नाही ही आपल्यासाठी सोयच आहे! वाचणं घरी किंवा प्लॅटफॉर्मवर करा, दहा मिनिटं, आणि गाडीत शिरलात की फक्त आठवायचं. स्लो गाडीत दोन स्टेशनांमध्ये दोन-चार मिनिटं मिळतात, तेवढ्यात एक प्रश्न. स्टेशन आलं की प्रश्न बदला. एक हात कडीला आणि डोळे मिटलेले असले तरी चालतं. मी स्वतः बी.एड.चा अर्धा अभ्यास असा लेडीज डब्यात दाराजवळ उभं राहून केलाय, आणि अजून मला काही मुद्दे आठवताना ते कुठल्या स्टेशनाला आठवले होते तेसुद्धा आठवतं.

ह्या शेवटच्या वाक्यावरूनच पुढची युक्ती. जागेला बांधलेली गोष्ट लक्षात राहते हे फार जुनं ज्ञान आहे, ग्रीक लोक ह्याचं श्रेय सायमनाइडीज नावाच्या कवीला देतात, गोष्ट अशी की मेजवानीच्या दालनाचं छप्पर कोसळलं आणि कोण कुठे बसलं होतं ते आठवून त्याने सगळी प्रेतं ओळखून दिली. दंतकथा असेल, पण पद्धत चालते. २०१७ च्या एका अभ्यासात साध्या लोकांना रोज अर्धा तास असे ४० दिवस ही सवय लावली, आधी त्यांना ७२ शब्दांच्या यादीतले पंचवीस-तीस आठवायचे, नंतर साठच्या वर. ह्यासाठी एक ओळखीचा, क्रमाने पाठ असलेला रस्ता लागतो, आणि मुंबईकराला तो वेगळा बनवायची गरजच नाही, आपल्याला स्टेशनं झोपेतही सांगता येतात.

दहावीच्या विज्ञानात धातूंची क्रियाशीलतेची श्रेणी आहे, जास्त क्रियाशील धातू आधी. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथिल, शिसे, तांबे, पारा, चांदी, सोने. तेरा नावं. आणि चर्चगेटपासून खारपर्यंत स्टेशनं किती? मोजा, तेरा. आम्ही वर्गात सगळ्यांनी मिळून हे बसवलंय, तुम्ही तुमची चित्रं लावा, पण आमची सांगते.

चर्चगेटच्या सबवेमध्ये पावसाचं पाणी भरलंय आणि त्या पाण्यावर जांभळ्या ज्वाळा उठतायत, ते पोटॅशियम, ते पाण्यात पडलं की जांभळं पेटतंच. मरीन लाइन्सला समुद्र, समुद्रात मीठ, मिठात सोडियम. चर्नी रोडच्या नावातच चरणं आहे, प्लॅटफॉर्मवर गुरं चरतायत, गुरांचं दूध, दुधात कॅल्शियम. ग्रँट रोडला जुनी थिएटरं, आत एकदम डोळे दिपवणारा पांढरा झगझगीत उजेड, मॅग्नेशियमची फीत जळते तसा. मुंबई सेंट्रलला लांबच्या गाडीत बसणारी माणसं, प्रत्येकाच्या हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला डबा, अ‍ॅल्युमिनियम. महालक्ष्मीला पुलावरून धोबीघाट दिसतो, तिथे जस्ताचा मुलामा दिलेल्या शेकडो बादल्या आणि वर पत्रे. लोअर परळला रेल्वेचा कारखाना, ठणठण लोखंड. प्रभादेवीला देवीची पितळी भांडी रांगेत मांडून कल्हईवाला बसलाय, कल्हई म्हणजे कथिल. दादरला गर्दीत उभं राहून पाय शिशासारखे जड. माटुंगा रोडला तांब्याचा भलामोठा बंब, त्यात सगळ्या माटुंग्याची कॉफी उकळतेय. माहीमला चर्चमध्ये बरं व्हावं म्हणून आलेली माणसं, सगळ्यांच्या तोंडात थर्मामीटर, पारा. वांद्र्याला सिनेमावाले, चंदेरी पडदा, चांदी. आणि खारला प्लॅटफॉर्मच्या इंडिकेटरवर बसलेली सोन्याची खार.

हायड्रोजन धातू नाही पण ह्या श्रेणीत त्याला शिसे आणि तांब्याच्या मध्ये दाखवतात, म्हणून आम्ही दादर आणि माटुंगा रोडच्या मध्येच गाडी सिग्नलला थांबवलीय आणि खिडकीतून हायड्रोजनचा फुगा वर जातोय. आता परीक्षेत विचारतात की मोरचुदाच्या द्रावणात लोखंडाचा खिळा टाकला तर काय होईल. मोरचुदात तांबं आहे, म्हणजे माटुंगा रोड, लोखंड म्हणजे लोअर परळ, लोअर परळ आधी येतं, म्हणून लोखंड तांब्याला बाहेर काढतं, खिळ्यावर तांब्याचा थर बसतो आणि निळा रंग फिका होत जातो. आणि चांदीची तार टाकली तर? वांद्रे माटुंग्याच्या नंतर, काहीच होणार नाही. हे उत्तर वर्गात एका मावशींनी सगळ्यात आधी दिलं, ज्या रोज सकाळी लोअर परळहून खारला पोळ्या करायला जातात, त्या म्हणाल्या माझी रोजची गाडीच आहे ही.

चित्रं ठळक, हलणारी आणि जमलं तर विचित्र करा, "दादरला शिसे आहे" एवढंच म्हटलं तर चिकटत नाही. सेंट्रलवाले कसारा-कर्जत लाइन वापरा, हार्बरवाले पनवेल, चाळीत वाढलेले आपल्या मजल्यावरच्या खोल्या वापरतात, तेही उत्तम. पण एक धोका आहे तो नक्की लक्षात घ्या, ही युक्ती *क्रम* आणि *याद्या* ह्यांच्यासाठी आहे, समजण्यासाठी नाही. पोटॅशियम एवढं क्रियाशील का? कारण त्याचा सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब असतो आणि सहज सुटतो. हे "का" वेगळं विचारायचं आणि वेगळं आठवायचं. "का" विचारलेली गोष्ट चार बाजूंनी धरलेली असते, एक बाजू सुटली तरी पडत नाही.

मग परत कधी आठवायचं? हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून हे मोजलं, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायचा आणि काही वेळाने तीच यादी परत पाठ करायला किती कष्ट वाचतात ते बघायचा. वीस मिनिटांनी साधारण ५८ टक्के कष्ट वाचले, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४, आणि महिन्याने २१. म्हणजे घसरण सुरुवातीलाच जोरात आहे आणि नंतर हळू. आपल्या धड्यांना अर्थ असतो त्यामुळे आपलं एवढं लवकर जात नाही, पण वळण तेच. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. त्यानंतर अंतर वाढवत न्या. २००८ साली सेपेडा आणि सहकाऱ्यांनी हजाराहून जास्त लोकांवर हे तपासलं, त्यातून ढोबळ हिशोब असा निघतो की परीक्षा जितक्या दिवसांवर असेल त्याच्या दहा ते वीस टक्के अंतर ठेवा, परीक्षा वर्षभर लांब असेल तर टक्का त्याहून कमी. दोन महिने राहिले असतील तर आठवड्या-दीड आठवड्याने परत, असं धरा. थोडं विसरायला लागल्यावर आठवण्यातच फायदा जास्त आहे, त्यामुळे "अर्धं विसरलो" म्हणून घाबरायचं नाही, तीच योग्य वेळ असते.

हा हिशोब डोक्यात ठेवू नका, खोकी करा. १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर ह्यांनी खोक्यांची पद्धत सांगितली, आमच्याकडे ती मिठाईच्या खोक्यांवर चालते. जुन्या लग्नपत्रिका व्हिजिटिंग कार्डाएवढ्या कापा (पुठ्ठा छान असतो), एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. तीन खोकी, पहिलं रोज, दुसरं तीन दिवसांनी, तिसरं आठवड्याने. उत्तर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की थेट पहिल्यात. दहा-बारा कार्डं रबर लावून खिशात ठेवली की बससाठी थांबलेला वेळही कामी येतो. मोबाईलवर अ‍ॅप आहेत अशी, वापरायला हरकत नाही, पण मोबाईल काढला की आधी काय उघडलं जातं ते तुम्हालाही माहितीय, म्हणून मी कार्डंच सांगते.

गणिताला एक वेगळी गोष्ट लागते, सरमिसळ. आपण काय करतो, एका प्रकारची वीस उदाहरणं ओळीने सोडवतो, मग दुसऱ्या प्रकारची वीस, आणि वाटतं मस्त चाललंय. २००७ मध्ये रोरर आणि टेलर ह्यांनी घनफळाच्या उदाहरणांवर बघितलं, सरावाच्या वेळी एकेक प्रकार करणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर आणि सरमिसळ करणाऱ्यांची ६०, पण आठवड्याने परीक्षेत एकेकवाले २० वर आले आणि सरमिसळवाले ६३ वर. कारण उघड आहे, परीक्षेत कोणी सांगत नाही की हे शंकूचं आहे का गोलाचं, सूत्र कुठलं हे *ओळखावं* लागतं, आणि ओळीने करताना ती ओळखच होत नाही. म्हणून प्रत्येक प्रकरणातून दोन-दोन उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहा आणि डब्यातून काढा.

गणितावरून आठवलं, आकडे. आमच्याकडे बरेच जण मधली काही वर्षं हिंदी-इंग्रजी आकड्यांत जगून आलेले असतात आणि एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी ह्यात अडकतात, मग लाजतात. लाजायचं काही नाही, मराठी आकडे खरंच डोक्यावर जास्तीचं काम टाकतात, पंचवीस म्हणताना पाच आधी बोलतो आणि दोन आधी लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "वीस पाच" असं वाचन आणलं तेव्हा केवढा वाद झाला होता, त्या समितीच्या अध्यक्ष गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या आणि मुलांना सोपं जावं हाच त्यांचा मुद्दा होता. मला दोन्ही बाजू कळतात, त्रेपन्न-चोपन्नचा नाद मला सोडवत नाही, पण वर्गात मोठी माणसं अडखळताना बघते तेव्हा तो मुद्दाही पटतो. मोठ्यांसाठी मी असं करते: आकडा ऐकला की आधी शेपूट ऐका. "न्न" आलं तर पन्नाशी, बावन्न, छप्पन्न. "सष्ट" आलं की साठी. "हत्तर" आलं की सत्तरी. "ऐंशी"सारखं आलं की ऐंशी, "ण्णव" आलं की नव्वदी. दशक आधी मांडा मग एकक. आणि "एकोण" म्हणजे एक कमी, एवढं एकच लक्षात ठेवा, एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी, ६९. (नव्याण्णव तेवढं ह्यात बसत नाही, आणि नव्याऐंशी.) आठवडाभर बसच्या नंबरांवर हा खेळ खेळा.

लांब आकडे असतील तर तोडा. जॉर्ज मिलर ह्यांनी १९५६ मध्ये लिहिलं की एका वेळी डोक्यात साधारण सात गोष्टी धरता येतात, पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन ह्यांनी सांगितलं की खरं तर चारच्या आसपास. पण "गोष्ट" म्हणजे एक अंक नाही, एक गठ्ठा. मुंबईचा पिनकोड सहा अंकी असला तरी ४०० हा आपल्याला एकच गठ्ठा, उरले तीन. अमेरिकेत एका विद्यार्थ्याने असेच गठ्ठे करत, तो धावपटू होता म्हणून अंकांना शर्यतीच्या वेळा समजत, दोनशेच्या वर तास सराव करून सात अंकांवरून ७९ अंकांपर्यंत मजल मारली, १९८० साली हे छापून आलं. आणि मग त्याला अक्षरं दिली तर? सहा. परत सहाच. म्हणून मी मेमरी वाढवायच्या गेम्सवर पैसे घालू नका म्हणते, ज्याचा सराव कराल त्यातच सुधाराल, तर मग थेट इतिहासाचाच सराव करा ना. तसंच ते "मी व्हिज्युअल आहे, मी ऐकूनच शिकतो" हेही डोक्यातून काढा, २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी सगळा पुरावा चाळला, त्यांना ह्या प्रकारांप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो ह्याला पुरेसा आधार मिळाला नाही. नकाशा सगळ्यांनीच बघून शिकावा आणि कविता सगळ्यांनीच म्हणून.

झोप. ह्यावर मी वर्गात आवाज चढवते. १९२४ मध्ये जेन्किन्स आणि डॅलेनबाख ह्यांनी दाखवलं की पाठ केल्यावर झोपलेला माणूस तेवढाच वेळ जागा राहिलेल्या माणसापेक्षा कमी विसरतो, आणि त्यानंतरची कितीतरी संशोधनं तेच सांगतात, झोपेत दिवसभराचं शिकलेलं पक्कं होत असतं. रात्रशाळा सुटून घरी पोचायला अकरा वाजतात, सकाळी पाचला उठायचं, ह्यात अजून अभ्यासासाठी झोप कापू नका. अंथरुणावर पडल्यावर पाच मिनिटं, दिवा बंद, आज काय शिकलो ते मनात. मध्येच झोप लागली तरी चालेल.

सवय लागत नाही ही पुढची तक्रार. "उद्यापासून करीन" असं ठरवू नका, "अमुक झालं की तमुक" असं ठरवा, मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर ह्यांचं ह्यावर बरंच काम आहे. "अंधेरी सुटली की पहिला प्रश्न." "कुकर लावला की तीन कार्डं." रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधलं की वेगळं आठवावं लागत नाही.

आणि परीक्षेच्या हॉलमध्ये एकदम सगळं पुसल्यासारखं झालं तर. होतं असं, सगळ्यांचं होतं, भीतीने डोकं गच्च भरलेलं असतं आणि आठवायला जागाच उरत नाही. त्या प्रश्नाकडे बघत बसू नका, नंबर टाकून जागा सोडा, पुढचा येणारा प्रश्न लिहा, बऱ्याचदा दुसरं काही लिहिताना पहिलं आपोआप वर येतं. परत आलात की उत्तर थेट शोधू नका, आजूबाजूचं शोधा, हे कुठे आठवलं होतं, कार्ड कुठल्या पत्रिकेचं होतं, लाल पेनाने काय लिहिलं होतं. यादी असेल तर उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर कच्चं काम लिहून खाली स्टेशनांची पहिली अक्षरं उतरवा, च, म, च, ग्रँ, मुं, म, लो, प्र, दा, मा, मा, वां, खा, आणि चर्चगेटपासून गाडी सोडा. एखादं स्टेशन कोरं गेलं तर तिथे अडू नका, पुढच्या स्टेशनाला जा आणि मागे वळून बघा.